कोंबडीच्या पायाखाली टिकणारी झाडे

दोन वर्षांपूर्वी मिरग निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कोंबड्यांच्या आवारात बावीस रोपे लावली. झेंडू, तुळस, पालक, पुदिना, मिरची, शेवग्याची दोन आणि रातांब्याचे (कोकमाचे) एक, असा तो सगळा संसार होता. पाऊस वेळेवर आला होता, माती मऊ होती आणि महिन्याभरात चौदा कोंबड्यांना दारातच हिरवा चारा मिळू लागेल असा माझा हिशेब होता. आठव्या दिवशी सकाळी खुराड्याचे दार उघडायला गेलो, तेव्हा त्यांतील एकोणीस रोपे मुळे वर करून आडवी पडली होती. कोंबड्यांनी ती खाल्ली असे मी आधी समजलो; पण एकेक रोप उचलून पाहिले, तर पालक आणि मिरची सोडून बाकीच्यांच्या पानांना फारशी चोच लागलेलीच नव्हती. तुळशीच्या मंजिऱ्या जशाच्या तशा होत्या. नाहीशी झाली होती ती भोवतालची माती. नुकतीच खणलेली, ओली, गांडुळांनी भरलेली ती माती कोंबड्यांनी पायांनी मागे फेकली होती आणि रोपे त्या उकरण्याच्या वाटेत आली होती, एवढाच त्यांचा अपराध.

मी कपाळाला हात लावून उभा असताना शेजारच्या काकी गडग्यापलीकडून म्हणाल्या, “कोंबयेन उकरूचा नाय तर करूचा काय रे?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून आवारासाठी झाड निवडताना ‘हे कोंबड्या खातात का?’ हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ढकलला आहे. पहिला प्रश्न असा की, या झाडाची मुळे कोंबडीच्या पायांना पुरून उरतील का?

आमचे घर मालवणहून आचऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका वाडीत आहे. मागीलदारी नारळांच्या खाली सुमारे तीस फूट लांब आणि वीस फूट रुंद जागा जाळीने बंद केलेली आहे. पूर्वी आमच्याही कोंबड्या वाडीभर मोकळ्या फिरत असत आणि संध्याकाळी आपल्या पायांनी खुराड्यात येत असत. मुंगसाने एका आठवड्यात चार तळंगा नेल्या, काकींच्या लाल माठाच्या वाफ्याची दोनदा वाट लागली, आणि जाळी घालणे भाग पडले. जाळी घातल्यावर वर्षभरातच आतली जमीन उघडीबोडकी झाली. जांभ्यावर मातीचा थर मुळात वीतभर असतो. त्यात आमच्या भागात वर्षाला दोन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांतच. त्यामुळे आषाढात आवारात घोट्याएवढा चिखल आणि वैशाखात तापलेला कातळ, अशी दोनच रूपे उरली.

कोंबडी हा मुळात रानाच्या कडेचा पक्षी आहे, हे आपण खुराड्यात ठेवून विसरतो. तिचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा, पण आपल्या सह्याद्रीत आरवणाऱ्या राखी रानकोंबड्याचाही तिच्यात अंश आहे. पाळीव कोंबडीच्या कातडीचा पिवळा रंग त्याच्याकडून आला, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात दिसून आले. रानकोंबडे दिवसभर झुडपांच्या बुडाशी पातेरा उकरत हिंडतात आणि वर घारीची सावली पडली की एका उडीत झुडपात शिरतात. माझ्या आवारात अशी सावली पडली की कोंबड्या चारही दिशांना धावत आणि शेवटी जाळीच्या कोपऱ्यात एकमेकींवर चढत. जाळीच्या वरून घार आत येत नाही हे त्यांना कोण सांगणार? उन्हाळ्याचा त्रास वेगळाच. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून, धापा टाकून ती अंगातली उष्णता बाहेर टाकते, आणि एप्रिल-मे महिन्यांत किनाऱ्यावरच्या दमट हवेत ती युक्तीही अपुरी पडते. सावली आणि आडोसा या दोन गोष्टींसाठी मला झाडे हवी होती. चारा हा वरचा लाभ.

मुळांचा प्रश्न डोक्यात घेऊन हिंडू लागल्यावर उत्तर घरामागेच सापडले. कोकणातल्या जुन्या घरांना न्हाणी असते, तिचे सांडपाणी एका पन्हळीतून मागे वाहते आणि त्या पाण्यावर केळी, अळू, कर्दळ, गवती चहा ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या उभी असतात. कोंबड्या मोकळ्या होत्या तेव्हा दिवसातला अर्धा वेळ त्यांचा मुक्काम त्याच ओलाव्यात असे, कारण किडे तिथेच. तरीही त्या झाडांचे काही बिघडले नाही. कारण उघड आहे: ही सगळी झाडे कांद्यांवर, गड्ड्यांवर किंवा दाट ठोंबांवर जगणारी आहेत. वरची चार पाने फाटली तरी खालून पाच फुटतात. मी न्हाणीमागून कर्दळीचे आठ गड्डे, गवती चहाचे सहा ठोंब आणि केळीची दोन मुनवे काढून आवारात आणली. शंभर रुपयांचीही खरेदी झाली नाही.

यांतील गवती चहाने माझी सर्वांत अधिक सेवा केली आहे. त्याची पाती कडेने धारदार असतात, वास उग्र असतो आणि कोंबड्या त्याला तोंड लावत नाहीत. ठोंब वर्षभरात दोन हात रुंद होतो आणि त्याची मुळे इतकी घट्ट बसतात की उतारावरची माती पावसात वाहून जाणे आपोआप कमी होते. मी ते ठोंब पाण्याच्या वाटेवर आडवे, हात-हात अंतरावर लावले आहेत. पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये अंड्यांची संख्या अचानक घटली, तेव्हा मी आधी मुंगसाचा आणि मग साहजिकच सापाचा संशय घेतला. एका दुपारी तांबडी कोंबडी मधल्या ठोंबातून अंग झटकत बाहेर आली. पाती बाजूला करून पाहिले, तर आत वाळलेल्या पात्यांची थेट टोपलीसारखी खळगी झाली होती आणि तिच्यात अकरा अंडी होती. ती घरात आणली तेव्हा टोपलीला चहाचा वास येत होता. तेव्हापासून अंडी गोळा करायला जाताना मी हातात एक काठी ठेवतो. जिथे कोंबडीला लपावेसे वाटते, तिथे सापालाही वाटते. त्याच कारणाने मी झुडपे जाळीला अगदी चिकटून लावत नाही. जाळीच्या कडेने फूटभर पट्टा मोकळा आणि झाडलेला असला की मुंगसाने उकरलेली माती लगेच दिसते.

अळवाबद्दल मला भीती होती, कारण कच्च्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे कण असतात आणि आपला घसा त्यानेच खाजतो. कोंबड्यांनी एकदा टोचून पाहिले आणि त्या नादाला पुन्हा लागल्या नाहीत. हळदीने मात्र निराशा केली. तिचे गड्डे जमिनीत उथळ असतात. कोंबड्यांनी ते उकरून उन्हात उघडे पाडले, आणि जे वाचले त्यांची पाने कार्तिकात वाळून गेली, म्हणजे जेव्हा जमीन झाकायची गरज वाढते नेमकी तेव्हा जागा रिकामी. हळद आता जाळीबाहेर आहे आणि तिथे ती सुखी आहे.

मिरचीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती माझ्या अज्ञानाची आहे. तिखटामुळे मिरचीला कोंबड्या हात लावणार नाहीत असे मी गृहीत धरले होते. पक्ष्यांना मिरचीतील तिखटाची, म्हणजे कॅप्सायसिनची, जाणीवच होत नाही. किंबहुना मिरचीच्या बिया दूरवर नेण्याचे काम पक्षीच करतात. माझ्या कोंबड्यांनी पाने, फुले आणि बोटाएवढ्या हिरव्या मिरच्या अशा चवीने संपवल्या की पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावे.

उंच झाडांपैकी शेवग्याचे रोप लावण्यात अर्थ नाही, हे त्या पहिल्या आठवड्यातच कळले. त्याऐवजी मनगटाएवढ्या जाडीची, पाच फूट लांबीची फांदी लावावी. पालवी वरच्या टोकाला फुटते आणि ती कोंबडीच्या उडीच्या पलीकडे असते. आमच्याकडे शेवगा मरतो तो कोंबड्यांनी नव्हे, पावसाने. बुडाशी पाणी साचले की फांदी कुजते. म्हणून मी आवाराच्या वरच्या कोपऱ्यात जांभ्याचे तुकडे आणि माती यांचा दीड फुटाचा उंचवटा करून त्यावर ती रोवली. आता आठवड्यातून दोनदा फांद्या छाटून खाली टाकतो. दहा मिनिटांत देठ उरतात. तुतीही फांदीपासून सहज लागते, पण तिचे पान कोंबड्यांना इतके आवडते की झाड अडीच फुटांपर्यंत साफ नागवे आणि त्यावर हिरवी छत्री, असे त्याचे रूप कायमचे ठरून गेले आहे. मला ते गैरसोयीचे नाही, उलट छत्रीच हवी होती. अडुळसा आणि निर्गुडी यांना कोणी विचारत नाही. आडोशासाठी ही दोन झुडपे उत्तम, आणि ती कुठल्याही गडग्यावर फुकट मिळतात.

रातांब्याचे एक रोप त्या पहिल्या संहारातून वाचले होते. त्याचे कारण मला उशिरा उमगले: लावताना खड्ड्यातून निघालेले चिऱ्याचे तीन तुकडे मी आळसाने त्याच्या बुडाशीच टाकून ठेवले होते. आता तीच माझी पद्धत झाली आहे. रोपाभोवती चिऱ्याचे तुकडे किंवा नारळाची सोडणे (सुकी जाड साले) पालथी, एकमेकांना खेटून, हातभर व्यासात बसवावीत. सोडणे पाणी धरून ठेवतात आणि दोन पावसांत कुजून मातीत मिळतात, तोवर रोपाने मूळ धरलेले असते. चिरे मात्र कायमचे. बियांपासून वाढवलेल्या रातांब्यांत जवळजवळ निम्मी झाडे नर निघतात आणि त्यांना फळ धरत नाही, म्हणून फळांसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या ‘कोकण अमृता’सारख्या जातीचे कलम घ्यावे हे खरे. आवाराच्या सावलीसाठी मात्र बियांचे झाडच बरे. ते सरळ, शंकूसारखे, बारा महिने हिरवे राहते आणि नर निघाले तरी सावली देण्यात कसूर करीत नाही. फक्त धीर हवा. माझे झाड आज कमरेएवढे आहे.

लावलेले रोप रुजेपर्यंत कोंबड्यांना तिथून दूर ठेवणे हा सगळ्याचा पाया आहे, आणि तिथेच माझी दुसरी चूक झाली. आवाराचे दोन भाग करून आळीपाळीने एक भाग मोकळा सोडायचा, हा बेत चांगला होता. आडपडद्यासाठी मी बंदरावरून मासेमारीचे जुने नायलॉनचे जाळे आणले. कोकणात अर्ध्या परसांना तेच असते, स्वस्त असते आणि उन्हापावसाला दाद देत नाही. तिसऱ्या दिवशी त्यात एक मोठी धामण अडकलेली सापडली. पुढे जायच्या धडपडीत धागे तिच्या खवल्यांखाली रुतले होते. वाडीतल्या एका जाणत्या मुलाने तिची मान धरली आणि मी नखे कापायच्या कात्रीने एकेक पीळ कापला. अर्धा तास गेला. धामण उंदीर खाते, कोंबड्यांच्या दाण्याजवळ उंदीर असतातच, म्हणजे अडकला होता तो आमचाच रखवालदार. (पिल्ले आणि अंडीही ती सोडत नाही, हा भाग काकींनी आवर्जून ऐकवला.) जाळे त्याच दिवशी काढून टाकले. आता मधल्या आडोशाला अर्ध्या इंचाच्या चौकोनांची तारेची जाळी आहे.

पावसाळ्यात सर्वांत सोपे आणि सर्वांत फलदायी काम म्हणजे वेल. मुळे जाळीच्या बाहेर आणि मांडव जाळीच्या वर, एवढे पाळले की कोंबडीच्या पायांचा प्रश्नच संपतो. मिरगाला पडवळ, शिराळी आणि काकडी जाळीच्या बाहेरच्या बाजूने आळी करून लावतो. श्रावणापर्यंत वरचे छत भरते, पावसाचे थेंब थेट जमिनीवर न आपटता पानांवरून ओघळतात आणि खालचा चिखल डोळ्यांना दिसेल इतका कमी होतो. याचे महत्त्व केवळ स्वच्छतेचे नाही. कोंबड्यांच्या रक्ती हगवणीचे बीजाणू विष्ठेतून बाहेर पडतात आणि उबदार ओलाव्यातच रोगट होण्याइतके पिकतात, म्हणजे आषाढातला पिल्लांच्या पायाखालचा चिखल हे त्यांचे माहेरघर. वेलांच्या जोडीला मी वर्षभर आंब्या-फणसाचा वाळलेला पातेरा गोळा करून ठेवतो आणि पावसात दर चार दिवसांनी दोन टोपल्या आत पसरतो. कोंबड्या तो उकरून, तुडवून, विष्ठेत मिसळून बारीक करतात.

जाळीवर चढवलेला मायाळू हा माझा आवडता वेल आहे. त्याची लुसलुशीत टोके जाळीच्या भोकांतून आत येतात आणि कोंबड्या आत आलेले तेवढेच खुडतात. बाहेरचा वेल आमच्या भाजीसाठी सुरक्षित राहतो. ही वाटणी कोणी शिकवली नाही, जाळीने केली. हिवाळ्यात त्याला जांभळी फळे धरली की चार दिवस आवारातील विष्ठा जांभळट दिसते. पहिल्या वेळी मी घाबरून गुरांच्या डॉक्टरांना दूरध्वनी केला होता आणि ते बराच वेळ हसले होते. भाजीचे वेल दिवाळीनंतर वाळतात, त्यामुळे मे महिन्यातल्या सावलीसाठी त्यांचा उपयोग नाही. त्या वेळी खळ्यात घालतो तसाच झावळ्यांचा मांडव वर घालावा आणि झाडे मोठी होईपर्यंत त्यावर समाधान मानावे.

खताबद्दल थोडेसे. कोंबडीची विष्ठा ताजी असताना ‘गरम’ असते. तिच्यातल्या युरिक आम्लापासून अमोनिया तयार होतो आणि कोवळी मुळे जळतात. केळ आणि कर्दळ ही खादाड मंडळी ते पचवतात, पण खुराड्याच्या तोंडाशी लावलेली पुदिन्याची दुसरी फळी त्यानेच गेली. आता खुराड्यातील केर तीन-चार महिने पातेऱ्याबरोबर खड्ड्यात कुजवतो आणि मगच वापरतो. त्या खड्ड्यात नारळाच्या गेंड्या भुंग्याच्या अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या सापडतात. पूर्वी त्या वेचून मारायला लागत. आता खड्डा खोऱ्याने उपसायला घेतला की कोंबड्या आधीच काठावर रांग लावून उभ्या असतात.

विषारी झाडांची यादी मोठी होईल, म्हणून आमच्या गडग्यांवर खरोखर असणारीच सांगतो. कण्हेर, मोगली एरंड, साधा एरंड, घाणेरी आणि गुंजेचा वेल ही आवाराच्या आत किंवा जाळीला लागून नसावीत. गिरिपुष्पाचे विशेष सांगावेसे वाटते, कारण शेताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी आणि कुंपणाच्या जित्या खुंटांसाठी आपण ते सर्रास लावतो. ग्लिरिसिडिया या त्याच्या शास्त्रीय नावातच उंदीर मारणारे झाड असा अर्थ आहे. गुरे-शेळ्या त्याचा पाला खातात, म्हणून तो कोंबड्यांनाही चालेल असे धरून चालू नये. मोकळी कोंबडी अशा झाडांना बहुधा टाळते, कारण तिला निवड असते. बंद आवारातल्या, हिरव्याला आसुसलेल्या कोंबड्यांपुढे आपण कुंपण छाटून आलेला पाला ढिगाने टाकतो, तेव्हा ती निवड आपण काढून घेतलेली असते. आमच्याकडे कुंपणाची छाटणी करायला गडी येतो, त्याला मी हे दरवर्षी सांगतो आणि तो दरवर्षी नव्याने आश्चर्य व्यक्त करतो.

यंदा मिरगाच्या आधीच आवाराचा खालचा अर्धा भाग बंद केला आहे. तिथे जास्वंदीच्या सहा फांद्या, तुतीच्या चार आणि मधोमध रातांब्याचे आणखी एक रोप, सोडणांच्या कड्यात. चौदापैकी तेरा कोंबड्या वरच्या भागात आहेत. चौदावी, ती तांबडी, खुडूक होऊन गवती चहाच्या त्याच मधल्या ठोंबात बसली आहे आणि तो ठोंब नेमका बंद केलेल्या भागात येतो. तिला उचलून खुराड्यात नेले, तर ती संध्याकाळपर्यंत परत आली. कुठून आली ते मला अजून सापडलेले नाही. शेवटी तिच्याखाली नऊ अंडी ठेवून दिली, शेजारी पाण्याचे भांडे आणि दाणे ठेवले, आणि वरून झावळीचा एक तुकडा टेकवला. आज बारावा दिवस आहे. पिल्ले निघाली की ती त्यांना घेऊन पहिल्यांदा जास्वंदीच्या बुडाशी उकरायला जाणार हे मला ठाऊक आहे, म्हणून उद्या सकाळी आणखी दोन टोपल्या सोडणे आणायची आहेत.